प्रश्नोत्तरावली आणि आख्यान : मराठी मुलांना बायबलातील कथा सांगण्याच्या रीतीविषयी

निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी सायखेडा आणि चांदोरी ही गावे समोरासमोर वसलेली आहेत. नाशिकच्या वरच्या अंगास पाऊस कोसळला आणि धरणांतून पाणी सुटले, की ते पाणी प्रथम रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढते आणि काही तासांनी सायखेड्याच्या बाजारपेठेत शिरते. २०१६ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत या दोन्ही गावांनी हा अनुभव घेतला. १९६९ चा नाशिकचा महापूर आजही गोदाकाठी कालगणनेच्या खुणेसारखा सांगितला जातो. अशा गावातील मुलास बायबलातील नोहाच्या तारवाची कथा सांगावयाची झाल्यास सांगणाऱ्यास जलप्रलयाची कल्पना द्यावी लागणार नाही. चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस पडला एवढे म्हटले की पुरे. परंतु तेच मूल लगेच विचारील की तारवात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांचे काय झाले. हा प्रश्न अवघड आहे. तारू कोणी बांधले, त्यात किती जण वाचले, नोहाचे मुलगे किती, असे प्रश्न शिक्षकाने विचारावयाचे आणि मुलांनी ठरलेली उत्तरे द्यावयाची, ही जी रीत आपल्याकडील मिशनशाळांत दीर्घकाळ चालली तीत मुलाच्या या प्रश्नास जागाच नव्हती. आख्यानाच्या रीतीत ती आपोआप निर्माण होते.

महाराष्ट्रातील मिशनशाळांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. स्त्रीशिक्षण, अस्पृश्य गणलेल्या जातींचे शिक्षण, मुद्रण, कोशरचना आणि गद्याची घडण या अंगांनी त्या शाळांचे मूल्यमापन झाले. धर्मांतराचा वाद तर त्या काळापासूनच चालत आला आहे. पण ज्या तासासाठी या शाळा मुळात काढल्या गेल्या त्या शास्त्रपाठाच्या तासात मुलांपुढे नेमके काय घडत होते, त्यांना कथा कोणत्या रूपात भेटत होती, याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. बायबलातील कथा मुलांना रमेल अशा रीतीने सांगणे ही गोष्ट विलायतेतील अध्यापनशास्त्राने आपल्याकडे आणली, असा एक समज आहे. प्रस्तुत लेखकास तो तपासून पाहावासा वाटतो. कारण मराठीपुरते पाहिले तर कथेची मागणी बहुधा ऐकणाऱ्यांकडून आलेली दिसते, आणि ती पुरी झाली की कथेवरची मालकीही थोडीबहुत ऐकणाऱ्यांकडे गेलेली दिसते.

या संदर्भातला सर्वांत जुना पुरावा गोव्यातील आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या आरंभीच्या भागात कवीने ग्रंथाचे निमित्त सांगितले आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये मुले पाद्रीपुढे 'दोत्रिन', म्हणजे धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे, म्हणत असता एक ब्राह्मण तेथे येतो. नवख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वाचण्याची मनाई झाली, तर त्यांच्या जागी वाचावयास दुसरे पुराण का देत नाही, असे तो पाद्रीस विचारतो. हा प्रसंग जसाच्या तसा घडला असो किंवा कवीने रचना म्हणून योजलेला असो, त्याची मांडणी बोलकी आहे. एका बाजूस मुले घोकीत आहेत आणि दुसऱ्या बाजूस एक प्रौढ श्रोता म्हणतो आहे की घोकण्याने पोट भरत नाही. मराठीतील पहिले ख्रिस्ती महाकाव्य जन्मास येते ते त्या श्रोत्याच्या तक्रारीतून.

स्टीफन्सने ही तक्रार मनावर घेतली. जुन्या कराराचे 'पहिले पुराण' आणि नव्या कराराचे 'दुसरे पुराण' असे दोन भाग त्याने केले. पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९ 'अवस्वर' आहेत. छंद ओवीचा, स्वर्गास शब्द वैकुंठाचा, आणि कथनाचा डौल पुराणिकाचा. आदाम-एवेची कथा, जलप्रलय, मोशेचे मिसर देशातून निघणे या साऱ्या गोष्टी साष्टीतील घरांत लहानथोरांच्या कानांवर पडू लागल्या त्या गाऊन म्हटलेल्या ओव्यांच्या रूपाने. त्याच स्टीफन्सने 'दोत्रिन क्रिस्तां' ही प्रश्नोत्तरांची पुस्तिकाही कोकणीत केली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापली गेली. एकाच लेखकाने प्रश्नोत्तरावली आणि पुराण या दोन्ही रीती हाताळल्याचे हे उदाहरण दुर्मीळ आहे. मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या साष्टीत हे पुराण रचले गेले तेथील देवळे त्यापूर्वी पाडली गेली होती आणि तेथील लोकांची जुनी पुराणे त्यांच्या हातून काढून घेतली गेली होती. नवी कथा गोड होती; पण ती रिकाम्या केलेल्या जागेत आणून ठेवलेली होती. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेचा वापरच बंद करण्याचा हुकूम काढला तेव्हा या पुराणाचीही गोव्यातील वाट अडली. त्याची हस्तलिखिते टिकली, आणि १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी ते पुन्हा छापले. देवनागरीतील आवृत्ती शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने १९५६ साली पुण्यास निघाली. ही दीर्घ खंडितता ध्यानात घेतली म्हणजे एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांना सारे काम पुन्हा पहिल्यापासून का करावे लागले हे कळते. स्टीफन्सचा अनुभव त्यांच्या हाताशी नव्हता.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांच्यापैकी गॉर्डन हॉल हे १८२६ साली नाशिक भागातील दौऱ्यावरून परतताना पटकीने वाटेत वारले. गोदेच्या खोऱ्याशी या मिशनचा पहिला संबंध असा दुःखद आहे. त्याच वर्षी या मिशनने केलेले नव्या कराराचे मराठी भाषांतर पुरे छापून झाले. मुंबईत व कोकणपट्टीत त्यांनी ज्या शाळा काढल्या त्यांत शिकविणारे पंतोजी बहुतेक हिंदू असत, काही बेने इस्राएल असत. ज्या पंतोजीचा ग्रंथावर विश्वास नाही त्याने तो शिकवावयाचा कसा? यावर मिळालेला तोडगा पाठांतराचा. पंतोजीने पाठ करून घ्यावे आणि मिशनऱ्याने ठराविक दिवशी येऊन परीक्षा घ्यावी. गावठी शाळेत पाढे, उजळणी आणि मोडीचे कित्ते ज्या सुरात म्हटले जात त्याच सुरात दहा आज्ञाही म्हटल्या जाऊ लागल्या. आजच्या दृष्टीने हे शुष्क वाटेल. परंतु पालकांना ते पटले, आणि त्याचे कारण नेमके ते शुष्क होते हेच असावे. पाठ केलेले मूल पाठ विसरूही शकते. आपल्या घरची मुले पाद्र्याच्या शाळेत अक्षरओळख आणि हिशेब शिकतात, जाताजाता चार वाक्ये त्यांच्या देवाची म्हणतात, एवढ्यावर तडजोड झाली होती.

याच सुमारास मुलांसाठी मराठी गोष्टींची पुस्तके निघू लागली हेही येथे नमूद केले पाहिजे. तंजावरास सरफोजीराजांच्या छापखान्यातून इसापच्या कथांचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर शतकाच्या आरंभीच निघाले होते. सरफोजींच्या शिक्षणावर श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याची देखरेख होती, पण त्यांनी छापखान्यातून काढले ते बायबल नव्हे, इसाप. मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही पुस्तके १८२८ साली आली. म्हणजे मिशनशाळेतील मूल दहा आज्ञा घोकीत होते त्याच वेळी सरकारी देखरेखीच्या शाळांतील मूल कोल्हा आणि करकोच्याची गोष्ट वाचीत होते. मराठी मुलाला छापील गोष्ट प्रथम भेटली ती धर्मनिरपेक्ष नीतिकथेच्या रूपात. ख्रिस्ती कथाकारांना पुढे जी स्पर्धा करावी लागली ती पुराणिकाशी तर होतीच, छत्र्यांच्या कोल्ह्याशीही होती.

तडजोड मोडली ती १८३९ साली. डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होर्मसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शाळा जवळजवळ रिकामी झाली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा लहान असल्यामुळे न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. त्यास प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांनी खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. या प्रकरणांवर त्या काळी जी चर्चा झाली ती मुख्यतः वयाची होती. कितव्या वर्षी मुलाला आपला धर्म निवडण्याइतकी समज येते? परंतु तिच्या मुळाशी आणखी एक भीती होती. जोवर मूल घोकते तोवर ते सुरक्षित आहे, आणि ज्या दिवशी ते ऐकू लागते त्या दिवसापासून ते आपले राहील याची खात्री नाही, अशी ती भीती. तिला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणे इतिहासकारास शोभणार नाही. मुलाला ज्या रीतीने शिकविल्यास ते अधिक रमते त्याच रीतीने त्याला वळविणेही अधिक सोपे असते. आणि परक्याच्या घरचे मूल रमविण्याचा अधिकार कोणी कोणास दिला, हा प्रश्न रास्त होता.

तथापि ऐकणाऱ्याने कथा ऐकली म्हणजे तो सांगणाऱ्याचाच होतो, असे मात्र घडले नाही. ज्योतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४८ साली त्यांनी अहमदनगरास मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि परतल्यावर पुण्यात स्वतःची काढली. (या फरारबाई अमेरिकन होत, पुढे नाशिकच्या संदर्भात येणाऱ्या फरार कुटुंबाशी त्यांची गल्लत होऊ देऊ नये.) फुले ख्रिस्ती झाले नाहीत, पण १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी ख्रिस्ताला बळीराजाच्या मालिकेत बसविले. शाळेत ऐकलेल्या कथेचे असे रूपांतर होईल हे कोणत्याही मिशनऱ्याच्या पाठ्यक्रमात नव्हते.

नाशिकास चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ मध्ये सुरू झाले. तेथील आरंभीच्या मिशनऱ्यांत चार्ल्स पिनहॉर्न फरार होते. त्यांचा मुंबईस १८३१ साली जन्मलेला मुलगा फ्रेडरिक हा पुढे इंग्लंडात धर्माधिकारी झाला आणि 'एरिक' ही शाळकरी मुलांची कादंबरी व 'ख्रिस्ताचे चरित्र' या दोन पुस्तकांनी त्याने व्हिक्टोरियन घराघरांत नाव मिळविले. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती नाशिकलगतची शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ती १८५४ च्या सुमारास वसविली. अनाथाश्रम, शाळा, सुतारकाम, लोहारकाम आणि शेती असा तिचा संसार होता. १८६० च्या दशकात येथे एक वेगळाच विद्यार्थिवर्ग आला. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रज आरमाराने पकडली की त्यांतील आफ्रिकन मुले मुंबईस उतरविली जात, आणि त्यांपैकी अनेकांची शरणपुरास रवानगी होई.

या मुलांना उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा शिकविताना काय घडले असेल? भावांनीच त्याला खड्ड्यात टाकले, वीस रुप्यांच्या नाण्यांना वाटसरू व्यापाऱ्यांस विकले, आणि त्यांनी त्याला मिसर देशास नेले. ही कथा मराठी मुलास नवलाची होती. शरणपुरातील या मुलांना ती स्वतःच्या अंगावरची होती. कथेचा पुढील भाग असा की योसेफ परमुलखात कर्तबगार होतो आणि अखेर भाऊ त्याच्या दारी येतात. शरणपुरात शिकलेल्या काही तरुणांना डॉ. लिव्हिंगस्टन यांनी १८६६ च्या आपल्या अखेरच्या सफरीत बरोबर नेले. नंतर त्यांना जाऊन मिळालेला जेकब वेनराइट हाही नाशिकचाच विद्यार्थी. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले तेव्हा दफनविधीची प्रार्थना त्याने वाचली आणि झाडाच्या खोडावर मृत्युलेख कोरला. पुढे मृतदेहाबरोबर तो इंग्लंडास गेला आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटिकेच्या मानकऱ्यांत उभा राहिला. त्यानंतर लौकरच प्राइस यांनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रेअर टाउन वसविले आणि नाशिकचे आफ्रिकन शिक्षक व कारागीर तेथे गेले. शाळेत शिकविलेल्या कथेच्या मापाने आयुष्य घडण्याचा हा योग विलक्षण होय. पण त्यात एक उणीव राहते. योसेफाला त्याचे भाऊ पुन्हा भेटले. शरणपूरच्या बहुतेक मुलांना आपला गाव कोणता हेही सांगता येत नव्हते.

प्रश्नोत्तरावलीची चौकट खरोखर सैल झाली ती अहमदनगर भागात, आणि ती सैल केली एतद्देशीय ख्रिस्ती लोकांनी. १८६० नंतर कृष्णराव रत्नोजी सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले. पूर्वरंगात एखाद्या वचनाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. मधून साकी, दिंडी, आर्या, अभंग. साथीला मृदंग आणि झांज. कीर्तनास ठराविक श्रोता लागत नाही. पारावर, चावडीपुढे किंवा वाड्याच्या ओसरीवर ते उभे राहते, आणि पुढच्या रांगेत मुले असतात हे आपल्या सर्वांच्या अनुभवातले आहे. उधळ्या पुत्राचे आख्यान लावले म्हणजे बुवा बापाचा आवाज काढतात, डुकरे राखणाऱ्या पोराची भूक दाखवितात, थोरल्या भावाचा रुसवा उभा करतात. ज्या मुलाने हे ऐकले त्याला मागाहून प्रश्न विचारून पाठ घ्यावा लागत नाही. शिवाय कीर्तन आवडले नाही तर श्रोता उठून जाऊ शकतो. शाळेतील मुलास ती मुभा नव्हती.

या प्रकाराचे सर्वांत लक्षणीय पडसाद मात्र ख्रिस्ती समाजाबाहेर उमटले. कोकणात शतकानुशतके तेल गाळण्याचा धंदा करणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हटले जाणारे बेने इस्राएल लोक मराठीच बोलत. त्यांची मुले अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनच्या शाळांत मोठ्या संख्येने शिकली. विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले त्याचाही त्यांना लाभ झाला. मिशनऱ्यांची अपेक्षा अशी होती की जुना करार नीट कळला म्हणजे हे लोक नव्याकडे वळतील. घडले ते उलट. जुन्या कराराच्या ज्ञानाने ते अधिक पक्के यहुदी झाले. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी कीर्तनाच्या उत्तेजनार्थ मंडळ काढले आणि बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी अब्राहामचरित्रासारखी आख्याने रचली. अब्राहाम, योसेफ आणि मोशे हे मराठी साकी-दिंडीत बोलू लागले, आणि बेने इस्राएल घरांतील मुलांनी आपल्या पूर्वजांच्या कथा प्रथमच स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या माणसाच्या तोंडून रंगून ऐकल्या. मिशनशाळेचे शिक्षण, हिंदू कीर्तनाची चाल आणि यहुदी धर्माची निष्ठा यांचा हा मिलाफ मराठी सांस्कृतिक इतिहासात अद्याप योग्य स्थानी बसविला गेलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हा एकच दाखला घेतला तरी 'रंजक रीतीने सांगणे म्हणजे धर्मांतराचा सापळा' हा एका पक्षाचा समज आणि 'रंजक रीतीने सांगितले की धर्मांतर सोपे' हा दुसऱ्या पक्षाचा भरवसा, दोन्ही लटके पडतात.

पंडिता रमाबाईंच्या संस्थांत या प्रश्नाचे तिसरे रूप दिसते. अमेरिकेत असताना त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले होते. १८८९ मध्ये मुंबईस उघडलेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आलेले शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. कोणी त्यांना बोलावले नव्हते; पण कोणी दारही लावले नव्हते. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले, रानडे-भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध सोडला आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. शिकविण्याची सर्वांत परिणामकारक रीत म्हणजे न शिकविता दार उघडे ठेवणे, हे या प्रसंगावरून दिसते. आणि सल्लागारांची हरकत समजण्यासारखी आहे तीही याच कारणाने. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो निराधार मुली आल्या. रूढ मराठी बायबलाची संस्कृतप्रचुर भाषा या खेड्यांतील मुलींना कळेना, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी सोप्या मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर हाती घेतले. ते काम पुरे करून त्या १९२२ साली वारल्या. तेथल्याच छापखान्यात मुली-बायकांच्या हातून जुळलेला तो ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषांतराच्या इतिहासात या बायबलाची थट्टाही झाली आहे आणि स्तुतीही. परंतु श्रोत्या मुलींना कळत नाही एवढ्यासाठी उतारवयात दोन प्राचीन भाषा शिकून सारा ग्रंथ पुन्हा लिहिणारा शिक्षक विरळाच.

१८७० नंतरच्या दशकात अमेरिकन मिशनचे 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक निघू लागले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे लेखन त्यास लाभले. टिळकांचे विद्यार्थिदशेतील नाशिक हे गाव, लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळचे जलालपूर, आणि त्यांची अखेरची वर्षेही नाशिकातच गेली. 'स्मृतिचित्रे'चा मोठा भाग त्याच काळात प्रसिद्ध झाला. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणला हे सर्वश्रुत आहे. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. स्टीफन्सनंतर तीन शतकांनी ख्रिस्तकथा पुन्हा ओवीत आली. शाळेचे तोंड जवळजवळ न पाहिलेल्या या बाईंना गोष्ट सांगण्याची जी हातोटी होती ती कोणत्याही शिक्षक-वर्गातून आलेली नव्हती. सोवळेओवळे, चूल आणि पोरेबाळे यांच्यामधून गोष्ट कशी उचलावयाची हे त्यांना उपजत कळत होते.

शब्बाथशाळांविषयी थोडक्यात सांगता येईल. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये ग्लॉस्टर येथे सुरू केलेली ही चळवळ भारतात १८७६ साली अखिल भारतीय संघाच्या रूपाने संघटित झाली. ठराविक पाठमाला, बक्षिसाची रंगीत चित्रकार्डे आणि भिंतीवर टांगावयाची गुंडाळीची मोठी चित्रे ही तिची देणगी. चित्रांनी मुलांचे डोळे वेधले यात शंका नाही. पण त्या चित्रांतील येशू गोरा, मेंढरे विलायती आणि शेते परदेशची होती. ज्या गावात चित्रकथी पोथीचे एकेक पान उलटीत रामकथा सांगत असे तेथे चित्र पाहून ऐकण्याची सवय नवी नव्हती. नवे होते ते चित्रातले अनोळखी जग. वस्तुतः हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत सांगावयास रस्त्याकडेला उतरलेला धनगराचा वाडा पुरेसा होता.

भाषाभ्यासकांना या संदर्भात एक साधन सहज उपलब्ध आहे आणि त्याचा उपयोग फारसा झालेला नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीत प्रत्येक भाषेचा व बोलीचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राचाच दृष्टांत घेतला आहे. १९०५ साली निघालेल्या मराठीच्या सातव्या खंडात तो कोकणापासून विदर्भापर्यंतच्या बोलींत आहे. खानदेशीतील रूप १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात सापडते. हेतू धर्मप्रसाराचा नव्हता. पण त्यामुळे एकाच बायबलकथेची बोलीबोलींतील रूपे जितकी येथे एकत्र मिळतात तितकी मराठीत इतरत्र कोठे मिळणार नाहीत. धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो ते वाक्य निरनिराळ्या बोलींत वाचून पाहावे. वाटणीचा शब्द बदलला की घर बदलते, बापलेकांमधील अंतर बदलते. बायबलकथा मुलांना सांगण्याचा अभ्यास ज्याला करावयाचा आहे त्याने पाठ्यपुस्तकांच्या आधी हे खंड उघडावेत.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाची कायदेशीर बाजू बदलली. १९५० मध्ये अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत विद्यार्थ्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात त्यास भाग घ्यावयास लावता येत नाही. १८३९ आणि १८४३ च्या पालकांनी जे मागितले होते ते शतकानंतर मिळाले. त्यामुळे बायबलकथा सांगणारा आता मुख्यतः आपल्याच मंडळीतील मुलांशी बोलतो किंवा सर्वांसाठी ग्रंथ लिहितो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवादपुरस्कार मिळाला आणि तो ग्रंथ ख्रिस्तेतर वाचकांच्या घरांतही गेला. तेथे तो कोणी कोणावर लादला नव्हता.

पुन्हा सायखेड्याकडे वळू. विसाव्या शतकात निफाड तालुका द्राक्षांचा झाला. एकोणिसाव्या शतकात येथे कोणी द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत सांगितला असता तर आधी मळा समजावून द्यावा लागला असता. आज तेथील मुलांना मांडव, छाटणी, विरळणी, फवारणी आणि हंगामासाठी पेठ-सुरगाण्याकडून येणारे मजूर हे सारे ठाऊक आहे. शनिवारी पैसे कसे वाटतात तेही ठाऊक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील मळ्याचा धनी सकाळी आलेल्यांना एक दिनार कबूल करतो आणि दिवस मावळण्याच्या आधी तासभर आलेल्यांनाही तेवढाच देतो. सायखेड्याचे मूल येथे सांगणाऱ्यास थांबविणार हे उघड आहे. दिवसभर उन्हात राबलेल्यांचे काय? शिक्षकाने येथे पाठाचे पुस्तक उघडून ठरलेले उत्तर शोधण्याची गरज नाही, कारण हा प्रश्न दृष्टांतातच आहे. दिवसभराचे ओझे आणि ऊन सोसलेले मजूर तेथे उघड कुरकुर करतात, त्यांना त्यांची वाक्ये दिलेली आहेत, आणि धन्याला त्यांना उत्तर द्यावे लागते. नोहाच्या कथेत मात्र तारवाबाहेर राहिलेल्यांच्या तोंडी एकही शब्द नाही. गोदेचा पूर पाहिलेले मूल जो प्रश्न विचारते त्याचे उत्तर त्या कथेत कोणीही देत नाही, आणि सांगणाऱ्याला तेथे मुलाबरोबर थोडा वेळ गप्प बसावे लागते.